कपाटातला आवाज

आमच्या घरात रेकॉर्डिंग असेल तेव्हा हीट पंप बंद, फ्रीज बंद, वॉशिंग मशीन बंद आणि मीही बंद. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. मी एका जागी स्वस्थ बसणारी बाई नाही. गप्प बसा म्हटलं की मला नेमकं तेव्हाच कुकर घासायचं सुचतं, डब्यांची झाकणं तपासावीशी वाटतात, कुणाला तरी फोन करावासा वाटतो. नवरा म्हणतो, तुझ्या पायाला भिंगरी आहे, ती काढून ठेवायची सोय नाही.

तर बेडरूमच्या कपाटात, माझ्या साड्या आणि नवऱ्याची पावसाळी जॅकेटं यांच्या मधोमध, एका स्टुलावर माझे वडील बसलेले असायचे. वय ऐंशी. डोक्याला कानटोपी, मांडीवर मोठ्या अक्षरांत छापलेले कागद, समोर माइक. आणि ते मोठ्यानं वाचत असायचे, रशियन भाषेत. साड्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणे. माझ्या लग्नातल्या पैठणीचा पंचवीस वर्षांत एवढा उपयोग दुसरा कुठलाही झालेला नाही.

नाना नाशिकजवळच्या विमानांच्या कारखान्यात होते. तरुणपणी त्यांना दोन वर्षं रशियात शिकायला पाठवलं होतं. तिथून ते एक जाड ओव्हरकोट, एक फोटोंचा अल्बम आणि ती भाषा घेऊन आले. कोट नाशिकच्या उन्हात कधी घातला गेला नाही. भाषेचंही तेच झालं. आई गेल्यावर मी त्यांना इकडे परदेशात, पामर्स्टन नॉर्थला घेऊन आले. आणलं म्हणजे जवळजवळ उचलूनच आणलं. मी दिवसभर फार्मसीत, नवरा त्याच्या संशोधन संस्थेत, लेक कॉलेजात. इथे म्हाताऱ्या माणसानं करायचं काय? सकाळी डेअरीपर्यंत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, चालत जाऊन पेपर आणायचा, खिडकीतून डोंगरावरच्या पवनचक्क्या मोजायच्या, आणि वाऱ्याला शिव्या द्यायच्या. मग त्यांना टॅबवर रशियन व्हिडिओ सापडले. आधी जुनी गाणी, मग भाषणं, मग तासन्‌तास काहीतरी बोलणारी माणसं. मी म्हटलं, चला, म्हातारबाबा रमले.

आणि एक रशियन बाई आमच्या फार्मसीतच होती. मागच्या खोलीत बसून वृद्धाश्रमातल्या लोकांच्या आठवड्याभराच्या गोळ्या पाकिटांत भरायचं काम करायची. चाळिशीची, कमी बोलणारी, हाताला स्वच्छ. युद्ध सुरू झाल्यावर देश सोडून आली होती एवढं माहीत होतं, त्यापुढे मी विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. एकदा नाना मला डबा द्यायला आले. ती फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. नाना काउंटरपाशी थबकले आणि तिनं फोन ठेवल्यावर रशियनमध्ये काहीतरी म्हणाले. तिच्या हातातली गोळी खाली पडली. मी गोळी शोधत होते आणि ही दोघं बोलत होती. अर्धा तास! काउंटरवर रांग लागली, पण नानांना काय त्याचं.

तिकडे मोठ्या माणसाला हाक मारायची तर त्याचं नाव आणि त्याच्या वडिलांचं नाव जोडून मारतात. तिनं नानांना त्यांच्या वडिलांचं नाव विचारलं. नाना खूश होऊन म्हणाले, "आमच्यातही वडिलांचं नाव मधे असतंच की." तेव्हापासून ती त्यांना तशीच हाक मारायला लागली. माझ्या आजोबांचं नाव मी कितीतरी वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ते पामर्स्टन नॉर्थमध्ये, एका रशियन बाईच्या तोंडून ऐकायचं माझ्या नशिबी होतं.

ती घरी यायला लागली. दर शनिवारी, काहीतरी भाजून घेऊन. महिन्याभरानं तिनं नानांना सांगितलं की ती तिकडे पत्रकार होती. बातम्यांची नाही. साध्या माणसांवर लिहायची. ट्राम चालवणारी एक बाई, देश सोडताना फक्त आईचं शिवणयंत्र उचलून निघालेला एक माणूस, असे लोक. आठवडेच्या आठवडे त्यांच्याशी फोनवर बोलायचं आणि मग लिहायचं. लिहिणं कथेसारखं, पण त्यातला शब्दन्‌शब्द खरा. आता छापणार कोण? म्हणून तिनं त्याचे व्हिडिओ करायचं ठरवलं होतं. पडद्यावर चेहरा नाही, नुसते हात, एखादी किटली, खुंटीवरचा कोट; आणि मागे वाचन. सगळं तयार होतं, फक्त आवाज नव्हता. तिचा आवाज तिकडे लोकांना माहीत होता. आणि तिची आई अजून तिकडेच होती, एका छोट्या गावात मुलांना पियानो शिकवत. मुलगी अजून लिहितेय हे कळलं असतं तर आईची नोकरी गेली असती, आणि नोकरीवरच थांबलं असतं असंही नाही. म्हणून आईलासुद्धा तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं.

"तिला माहीतच नसलं की तिला खोटं बोलावं लागणार नाही," ती म्हणाली.

कॉम्प्युटरचा आवाज तिनं लावून बघितला होता. नाना म्हणाले, त्यापेक्षा रेल्वे स्टेशनवरची बाई बरी. आणि मग म्हणाले, "मी वाचू का?"

मी हसले. खरंच हसले. ऐंशी वर्षांचा माणूस, कवळी घालून, पन्नास वर्षं न वापरलेल्या भाषेत वाचणार? पण ती हसली नाही. तिनं त्यांना एक पान वाचायला दिलं आणि डोळे मिटून ऐकत बसली. संपल्यावर म्हणाली, "तुमच्या रशियनमध्ये एक वेगळंच गाव आहे." ते गाव नाशिक होतं, आणखी कुठलं!

इथे एक गोष्ट सांगून टाकते. या लिखाणात मी एकाही माणसाचं नाव घातलेलं नाही. तिच्या गावाचं, आईचं काही मुद्दाम बदललं आहे. कुठलं बदललंय ते विचारू नका. छापायच्या आधी मी तिला हे सगळं इंग्रजीत करून वाचून दाखवलं आहे, कारण तिचा नियमच तसा आहे. ज्या माणसावर लिहिलं त्याला आधी पूर्ण वाचून दाखवायचं. त्यानं सांगितलं हे काप, तर कापायचं. का ते विचारायचं नाही. मला पहिल्यांदा हे ऐकून वेड्यासारखं वाटलं होतं. मी म्हटलं, "अगं, असं केलंस तर उरणार काय?" ती म्हणाली, "जे उरतं ते माझं असतं."

व्हिडिओ निघायला लागले. महिन्याला दोन. बघणारे फार नव्हते, पण बघायचे ते शेवटपर्यंत. खाली लोक लिहायचे आणि नाना चष्मा सावरून आम्हाला मराठीत करून सांगायचे. हा म्हातारा कोण याच्या पैजा लागल्या होत्या. कुणी म्हणे डोंगराळ मुलखातला आहे, कुणी म्हणे मठातला साधू आहे. नाना दिवसभर गालात हसायचे. "साधू म्हणे! तुझ्या आईला कळायला हवं होतं." आणि एक बाई होती, निदान आम्ही ती बाईच धरून चाललो होतो. नाव नाही, फोटोच्या जागी खिडकीतली लाल फुलांची कुंडी. ती लिखाणाबद्दल कधी काही बोलायची नाही. प्रत्येक वेळी एकच ओळ, तीही नानांच्या घशाबद्दल. आजोबा, आज घसा बसलाय, मध घ्या. आजोबा, खोलीत गारठा आहे का? आजोबा, मफलर गुंडाळा. गारठा होताच, हीट पंप बंद असायचा ना! नाना शहाण्या मुलासारखे मध घ्यायचे. मी फार्मासिस्ट, मी घसा फाडून वर्षभर तेच सांगत होते. पण पोटच्या मुलीचं ऐकतो कोण?

माझी लेक म्हणाली, "आजोबा हॅज अ फॅन."

खरं सांगते, मला थोडी असूयाच वाटायची. कपाटाचं दार बंद झालं की आत एक जग होतं आणि मी बाहेर, हातात फडकं घेऊन. आई गेल्यापासून नानांचा चेहरा असा उजळलेला मी बघितला नव्हता, आणि तो उजळला होता तो माझ्यामुळे नाही.

मग त्यांना एक्क्याऐंशी वर्षं होत आली. आपल्याकडे सहस्रचंद्रदर्शन करतात. एक हजार पौर्णिमा बघितलेला माणूस. नातेवाईक सगळे नाशिक-पुण्यात, तेव्हा इथे आम्हीच. एक्क्याऐंशी दिवे लावायचे तर घरात स्मोक अलार्म बोंबलणार, बाहेर वारा एक दिवा टिकू देणार नाही. शेवटी गॅरेजमधली गाडी बाहेर काढली, शटर खाली ओढलं आणि नानांना रंगवलेल्या पाटावर बसवून तिथे ओवाळलं. तीही होती. तिनं विचारलं, मीही ओवाळू का? मी तिच्या हातात तबक दिलं. तिनं उलट्या बाजूनं ओवाळलं, नानांनी तसंच ओवाळून घेतलं.

नातेवाइकांसाठी मी व्हिडिओ केला होता. हल्ली कुणाची पंच्याहत्तरी, कुणाची एक्क्याऐंशी असली की करतात तसा: लहानपणीचा फोटो, लग्नाचा, कारखान्यातला, रशियातला बर्फातला, पाठीमागे सनई. आठवडाभर मी त्यात बुडाले होते. सगळं छान जमलं, पण शेवट जमेना. आताचे नाना पाहिजेत, पण कसे? सोफ्यावर बसलेले? डेअरीतून पेपर आणणारे? मग मला आठवलं. एका शनिवारी रेकॉर्डिंग संपल्या संपल्या मी कपाटाचं दार उघडून फोनवर थोडंसं टिपलं होतं. तिनं सांगितलेलं होतं, इथे फोटो नाहीत. मला ठाऊक होतं. पण नाना त्या क्षणी असे दिसत होते की माझ्यानं राहवलं नाही. कानटोपी, साड्या, माइक, ते शेवटचं वाक्य वाचतायत आणि मान वर करून हसतायत. आणि कडेला ती, अंगठा वर करून. जेमतेम तीन सेकंद.

मी मनाशी म्हटलं, घरच्या लोकांत तर जायचंय. रशियन कुणाला कळतंय?

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी तो व्हिडिओ दोन ग्रुपांवर टाकला. एक आमचा घरचा, आणि दुसरा नानांच्या कारखान्यातल्या जुन्या मित्रांचा. रशियन कुणाला कळतंय म्हणे! त्या ग्रुपात चौदा म्हातारे होते आणि चौदाही जण रशियाला जाऊन आलेले. एकानं लिहिलं, "शाब्बास रे पठ्ठ्या!" दुसऱ्या काकांनी अभिमानानं तो उचलून त्यांच्या कारखान्यात पूर्वी दुभाषी असलेल्या रशियन बाईंना पाठवला. ते एकमेकांना दर नवीन वर्षाला शुभेच्छा पाठवतात, अजूनही. त्या बाईंना इतकं कौतुक वाटलं की त्यांनी आणखी कुणाला पाठवला. पुढे कुठे कुठे गेला ते आम्हाला माहीत नाही. फक्त कुठे पोचला ते कळलं.

दोन आठवड्यांनी, सोमवारी, मी काउंटरवर होते. ती मागच्या खोलीतून आली, हातमोजे तसेच, आणि तिनं माझ्यासमोर फोन धरला. तिच्याच एका व्हिडिओखाली कुणीतरी माझ्या व्हिडिओतलं चित्र चिकटवलं होतं. कपाट, नाना आणि ती. वर तिचं पूर्ण नाव लिहिलं होतं. मला रशियन वाचता येत नाही, पण अंगठा वर केलेली तिची मूठ मला ओळखता येत होती.

आणि पहिलं वाक्य माझ्या तोंडातून काय निघावं? "फक्त तीन सेकंद होते गं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी भांडले असते, मला भांडता येतं. ती म्हणाली, "तू विचारलं नाहीस." मग म्हणाली, "आईचा फोन लागत नाहीये." आणि मागे जाऊन गोळ्या भरायला लागली, कारण पाच वाजता वृद्धाश्रमाची गाडी येते आणि गोळ्या चुकून चालत नाहीत.

घरी जाऊन नानांना सांगायचं होतं. गाडी लावून मी ड्राइव्हवेवर वीस मिनिटं बसून राहिले. मग सांगितलं, एका दमात. नानांनी हातातला टॅब बाजूला ठेवला. ते कधीच रागावत नाहीत, लहानपणी मार द्यायची ती आईच. ते म्हणाले, "अगं, वाढदिवस माझा होता. तिचा नव्हता." बस्‌. एवढं बोलून त्यांनी टॅब घेतला आणि नाशिकला फोन लावायला सुरुवात केली.

चौदा फोन. एकेकाला समजावून सांगायचं, तो व्हिडिओ पुसून टाका. एक काका विचारतायत, पुसला तर फोनमधले नातीचे फोटोही जातील का? दुसरे म्हणतायत, अरे, पण मी तर सोसायटीतल्या सगळ्यांना दाखवला, फार आवडला! तिसऱ्यांना ऐकूच येत नाही. नाना कपाटात वाचायचे त्याच आवाजात, शब्द तोडून तोडून सांगत होते, "एका बाईच्या आईला त्रास होईल. हो. आईला. पुसा." मी जिन्यावर बसून ऐकत होते. उठून चहा टाकावा एवढंही सुचलं नाही.

त्या मित्रांचा तरी काय दोष? कौतुक वाटलं की पुढे पाठवायचं हे आमच्या हाडामासात आहे. पेढा असो नाहीतर बातमी, एकट्यानं खाल्ली तर पचत नाही. पण मी कुठल्या तोंडानं त्यांना नावं ठेवणार?

अकरा दिवस तिच्या आईची काहीच खबर नव्हती. त्या अकरा दिवसांत माझं कुठेच चित्त लागत नव्हतं. कामावर एकाच बाटलीवर मी तीनदा लेबल तपासायची, घरी आल्यावर दार लावलं का म्हणून परत जायची. नदीकाठच्या रस्त्यावर चालायला निघायची ती अंतर विसरून चालतच राहायची. कुणी इथल्या पद्धतीनं "किआ ओरा" म्हणून हात केला तर दचकायची. नवरा म्हणाला, जरा बस. मी त्याच्या अंगावर वस्सकन ओरडले. बसू कुठे? बसले की एक पियानो दिसायचा, आणि त्याच्यासमोर कुणीच नाही.

ती कामावर येत होती. माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. शनिवारी यायची नाही. मीही बोलावलं नाही, हिंमतच नव्हती. नाना शनिवारी अकरा वाजता कपडे करून बसायचे आणि एक वाजता बदलायचे.

बाराव्या दिवशी तिला आडून आडून कळलं. दोन माणसं गावात येऊन विचारून गेली होती, तुमची मुलगी हल्ली काय करते? आई म्हणाली, औषधाच्या दुकानात काम करते. तिला तेवढंच माहीत होतं, असं आम्ही समजत होतो. मग शाळेनं बोलावून घेतलं आणि आईनं "स्वतःहून" राजीनामा दिला. त्यानंतर ती घर बंद करून गेली ती कुठे, ते सांगणाऱ्यालाही माहीत नव्हतं. सदतीस वर्षं तिनं त्या शाळेत शिकवलं होतं. माझ्या तीन सेकंदांनी ती संपवली.

मी तिला गाठून माफी मागितली. फार्मसीच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांपाशी. खूप बोलले, रडले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला अजून माफ करता येत नाहीये. आई सापडू दे." मी म्हटलं, बरं.

सहा आठवडे कपाट बंद होतं. मग एका रविवारी दुपारी दाराची बेल वाजली. ती दारात, केस विस्कटलेले, वाऱ्यात सायकल मारत आलेली. सरळ स्वयंपाकघरात गेली आणि नानांसमोर फोन ठेवला. तिच्या मावशीचा निरोप होता. नानांनी मला मराठीत सांगितला: "आई माझ्याकडे आहे. बरी आहे. तिला फोन करू नकोस, लिहू नकोस. ती विचारते आहे, आजोबा गप्प का झाले?"

"कुठले आजोबा?" मी म्हटलं.

ती खुर्चीवर बसली. "तेच," ती म्हणाली. "माझ्या आईला आजोबा कसे माहीत?"

नानांनी टॅब ओढला आणि जुने व्हिडिओ उघडून खालच्या ओळी बघायला लागले. लाल फुलांची कुंडी. मध घ्या, मफलर गुंडाळा. त्यांनी तो चिमणीएवढा फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि टॅब तिच्याकडे सरकवला. कुंडीच्या मागे पडद्याची कड दिसत होती, निळ्या चौकड्यांची. ती म्हणाली, "हा पडदा मी शिवलाय." मग भराभर खाली खाली जात राहिली. पहिली ओळ होती दुसऱ्या व्हिडिओखाली. म्हणजे जवळजवळ दीड वर्ष! ज्या आईला खोटं बोलावं लागू नये म्हणून तिनं काही सांगितलं नव्हतं, ती दीड वर्ष रोज खोटं बोलत होती, लेकीशीसुद्धा.

"कसं ओळखलं तिनं?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. "माझा आवाज नाही, नाव नाही."

"अगं, आई आहे ती," नाना म्हणाले. "शितावरून भाताची परीक्षा. तुझं वाक्य माझ्या तोंडात घातलं म्हणून काय तिला कळणार नाही?" आणि मग उठून कानटोपी शोधायला लागले. "फोन करायचा नाही, लिहायचं नाही. मग तिला तुझं ऐकू येणार कुठून? लिही काहीतरी. मला आता घसा बसवून चालायचं नाही, आणि मरायचीही सोय नाही."

पुढच्या शनिवारी ती चार पानं घेऊन आली. नानांच्या आधी माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "हे तुझ्यावर आहे. नियमाप्रमाणे आधी तुला वाचून दाखवते." तिनं इंग्रजीत करत करत वाचलं. एका शांत देशातली एक बाई. ती औषधं मोजून देते, कधी चुकत नाही. तिच्या म्हाताऱ्या वडिलांचा चेहरा उजळलेला तिला एकदाच दिसतो, तीन सेकंद, आणि तो आनंद तिच्या मुठीत मावत नाही म्हणून ती तो वाटून टाकते. कुणाच्या आईचा, कुठल्या गावाचा उल्लेख नव्हता. एवढंच होतं की ते तीन सेकंद आणखीही कुणाचे तरी होते, आणि त्याची किंमत तिसऱ्याच कुणीतरी मोजली. तिनं मला सोडलं नव्हतं. पण मला न ओळखता लिहिलेलं त्यात एक वाक्य नव्हतं.

"काप काय कापायचं ते," ती म्हणाली.

एक-दोन वाक्यं अशी लागली होती की वाटलं, हे नको, हे कुणी ऐकायला नको. मी म्हटलं, "काही कापू नकोस."

हीट पंप बंद केला, फ्रीज बंद केला. नाना साड्यांत जाऊन बसले. दाराबाहेर मी जमिनीवर बसून ऐकत होते. माझीच चूक माझे वडील मला न कळणाऱ्या भाषेत, कुणाच्या तरी आईला वाचून दाखवत होते. तिसऱ्या पानाच्या मध्यावर नाना खोकले. चांगले दणकून खोकले. एरवी खोकला आला की ती थांबवायची, ते वाक्य परत घ्यायची. त्या दिवशी तिनं थांबवलं नाही. नाना पुढे वाचत गेले. आणि त्यांना खोकला झालेला नव्हता. सकाळीच मी टॉर्च लावून त्यांचा घसा बघितला होता.

व्हिडिओ टाकला. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी बऱ्याच लोकांनी लिहिलं, आजोबा परत आले म्हणून. त्यात कुंडी नव्हती. तिसऱ्या दिवशीही नाही. मी कामावर दर दहा मिनिटांनी फोन काढून बघत होते. ती बघत नव्हती, गोळ्या भरत होती, पण मी फोन काढला की तिचे हात थांबायचे. माझ्या मनात नाही नाही ते येत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही नाश्त्याला बसलो होतो. नानांनी माझा फोन घेतला, चष्मा वर केला, खाली केला. मी म्हटलं, "काय झालं? नाना, काय झालं?"

कुंडी आली होती. फोटो तोच, एकच ओळ. नानांनी ती वाचली, आधी तिच्या भाषेत आणि मग आपल्या.

"आजोबा, खोकला वाईट आहे, मध घ्या. आणि त्या तीन सेकंदवाल्या बाईलाही एक चमचा द्या."

मी उठून त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण अंगठा आपला सवयीनं पुढे पाठवायच्या त्या बाणाकडे गेला होता. तिला पाठवू, नवऱ्याला पाठवू, पुण्याला आत्याला पाठवू. अंगठा तिथेच थांबला. मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात मागे घेतले.

"अगं, नुसती उभी काय राहिलीस?" नाना म्हणाले. "मध आण."